कफर्णहूमची वाट आणि उजवा गुडघा

पत्र

नमस्कार ताई,

मी वसईची. वय ६२, शिक्षिका म्हणून निवृत्त. आमच्या धर्मग्रामातून चोवीस जणांचा गट नोव्हेंबरात पवित्र भूमीला निघतोय. नेहमीसारखी बसची ट्रिप नाही. नाझरेथ ते कफर्णहूम चार दिवस पायी, मग बसने जेरुसलेम आणि बेथलेहेम. पैसे भरून झालेत.

माझे मिस्टर तीन वर्षांपूर्वी गेले. ते आयसीयूत होते तेव्हा मी नवस बोलले होते, हे घरी आले तर प्रभू जिथे चालला तिथे मी पायी चालेन. ते घरी आले नाहीत. तरी नवस काही मनातून जात नाही.

अडचण उजव्या गुडघ्याची आहे. डॉक्टर म्हणतात झीज आहे, चाला पण जपून. गटात हे कुणालाच माहीत नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कोण किती पावलं चाललं त्याचे आकडे येतात. परवा एकाने लिहिलं, ‘ज्यांना झेपणार नाही त्यांनी पुढच्या वर्षी बसच्या ट्रिपला यावं, आपल्यामुळे इतरांची यात्रा बिघडू नये.’ त्याखाली अकरा अंगठे पडले. त्यातला एक माझा.

मुलगा कॅनडात असतो, तो म्हणतो रद्द कर. मी थोडं अंतर गाडीतून गेले तर ती यात्रा धरली जाईल का? आणि काना गावी सगळी जोडपी लग्नाची वचनं पुन्हा घेतात म्हणे. तिथे मी काय करू?

– एक वसईकर

उत्तर

ताई,

उत्तर आधी सांगते. जा. जिथे गाडीत बसायचं तिथे खुशाल बसा. आणि गुडघ्याचं आजच सांगा, विमानतळावर गेल्यावर नको.

पत्र दोनदा वाचलं. वाटलं होतं की नवसापाशी थांबेन, पण दोन्ही वेळा थांबले ती त्या अंगठ्यापाशी. आपल्यालाच घरी बसवणाऱ्या वाक्याला आपणच अंगठा दिलात! वर्गात एखादं पोर असं मागे सरकलं असतं तर तुम्ही त्याला कान धरून पहिल्या बाकावर आणलं असतंत.

मी ही वाट चालले आहे. २०१८च्या मार्चमध्ये, नगरच्या आमच्या मंडळीतल्या सोळा जणांबरोबर. (तुम्ही नाझरेथ म्हणता, आम्ही प्रोटेस्टंट नासरेथ म्हणतो, गाव तेच.) त्या सोळांत एक गृहस्थ होते, वय पासष्टच्या पुढे. पोटरीचं जुनं दुखणं त्यांनी लपवलं होतं. दुसऱ्या दिवशी काना गावातून निघून आम्ही लावी या पुढच्या मुक्कामाच्या दिशेने चाललो होतो. एका ऑलिव्हच्या बागेत ते बसले, ते उठेनात. गाडी होती, पण मुख्य रस्त्यावर. ड्रायव्हरला फोनवर खूण काय सांगायची? चहूकडे ऑलिव्हचीच झाडं. दोन तास गेले. त्यांची बायको टोपीने त्यांना वारा घालत होती आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होती, “सांगा म्हटलं होतं मी.” ते म्हणत होते, “वाटलं निभेल.”

त्यांच्या पायावर कुणी चिडलं नाही. चिडले सगळे ते न सांगण्यावर. सकाळी नाश्त्याला एवढंच म्हणाले असते की आज मी गाडीने येतो, तर आम्ही पोचेपर्यंत त्यांनी सोळा जणांचा चहा सांगून ठेवला असता. तुमच्या ग्रुपवरचा तो माणूस म्हणतो की न झेपणाऱ्यांमुळे यात्रा बिघडते. माझा अनुभव असा की ती ‘निभेल’ म्हणणाऱ्यांमुळे बिघडते.

आता नवस. आमच्यात नवस बोलत नाहीत, त्यामुळे इथे माझं मत कामाचं नाही. तुमच्या चर्चचा कायदा काय म्हणतो ते पाहिलं आणि ओळखीच्या एका फादरांकडून अर्थ तपासून घेतला. १९८३च्या कॅनन लॉ संहितेत खासगी नवसाबद्दल स्वच्छ लिहिलं आहे. कलम ११९४ सांगतं की नवस ज्या अटीवर उभा होता ती अटच पुरी झाली नाही, तर नवस संपतो. तुमची अट होती ‘घरी आले तर’. याउपर मनात काही राहिलंच, तर कलम ११९६प्रमाणे तुमच्या धर्मग्रामाचे फादर योग्य कारण असेल तर तुम्हाला त्यातून मोकळं करू शकतात. आणि ११९७प्रमाणे, ज्याने नवस बोलला तो स्वतःच तो तितक्याच किंवा त्याहून चांगल्या गोष्टीत बदलू शकतो. तीन दारं आहेत, तिन्ही उघडी.

अर्थात आयसीयूबाहेरच्या खुर्चीत बसून बोललेलं वाक्य कलमाने पुसलं जात नाही, हे मला कळतं. पण पावलं मोजून कुणाला चुकती करायची आहेत ही गोष्ट आता उरलेली नाही. तुम्ही जाताय ते तुम्हाला जायचंय म्हणून.

आणि पावलांचा हिशेब करायचाच म्हटलं तर तो कशाच्या आधारावर करणार? मत्तयच्या चौथ्या अध्यायात एक ओळ आहे: येशू नासरेथ सोडून कफर्णहूमला जाऊन राहिला. कोणत्या वाटेने, किती दिवसांत, कुठे मुक्काम करत, याबद्दल अक्षर नाही. तुम्ही चालणार आहात ती सुमारे ६५ किलोमीटरची ‘जीझस ट्रेल’ २००७ साली माओझ इनोन आणि डेव्हिड लँडिस या दोघांनी आखली. चांगली आखली आहे, मधली गावं आणि जागा शुभवर्तमानाशी जोडलेल्या आहेत, दगडांवर पांढरा-नारिंगी-पांढरा असा पट्टा बघत जायचं. पण ती शेताच्या बांधावरून, जंगल खात्याच्या रस्त्यावरून, मध्येच हमरस्ता ओलांडून जाते. यातला अमुक मीटर प्रभूच्या पायाखालचा आणि तमुक मीटर नव्हे, असं कुणीच सांगू शकत नाही.

गाडीबद्दल तुम्ही विचारलंत तेव्हा मला एजेरिया आठवली. चौथ्या शतकाच्या शेवटी, ३८१ ते ३८४च्या सुमाराला, पश्चिमेकडून ही बाई पवित्र भूमीला आली, सिनाईपासून हिंडली आणि घरच्या बहिणींना, म्हणजे आपल्या सोबतिणींना, तिने लांबलचक पत्र लिहिलं. त्याची हस्तलिखित प्रत १८८४ साली इटलीतल्या आरेझ्झो गावी सापडली. सुरुवात आणि शेवट हरवलेला आहे. आपल्यापर्यंत पोचलेल्या यात्रावर्णनांतलं एका बाईने लिहिलेलं हे फार जुनं. त्यात ती सिनाईची चढण पायी चढावी लागते, कारण खोगिरावर बसून जाता येत नाही, असं लिहिते. आणि नबो डोंगर, जिथून मोशेने वचनदत्त देश पाहिला, तिथलं काय लिहिते? बराचसा डोंगर गाढवावर बसून चढता येतो, थोडा भाग जास्त उभा आहे, तेवढा पायी चढावा लागला, आणि कष्ट पडले. बस्स. लाज नाही, खुलासा नाही, सोबतिणींची माफी नाही. जिथे गाढव चाललं तिथे गाढव, जिथे नाही तिथे पाय. सोळाशे वर्षांत गाढवाची मिनीबस झाली, एवढाच फरक.

आपल्याकडेही बघा ना. आषाढीच्या वारीत प्रत्येक दिंडीमागे ट्रक असतो. सामान असतं त्यात, पाण्याचे पिंप असतात आणि पाय सुजलेली एखादी आजीही असते. पंढरपुरात पोचल्यावर तिला कुणी विचारत नाही, ट्रकमधून किती आलीस.

तेव्हा तुमच्या चार दिवसांकडे मी असं बघेन. नासरेथ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीनशे मीटरवर आहे. गालीलचा समुद्र, म्हणजे ते गोड्या पाण्याचं सरोवर, समुद्रसपाटीच्याही दोनशे दहा मीटर खाली. म्हणजे वाट एकूणात उताराची आहे. लोकांना वाटतं उतार म्हणजे सोपं. झिजलेल्या गुडघ्याला विचारा! चढताना दम लागतो, उतरताना गुडघ्यावर भार येतो, आणि तुमचा प्रश्न दमाचा नाही.

पहिला दिवस नासरेथच्या जुन्या गल्ल्यांतून पायऱ्या चढत सुरू होतो. मग सिप्पोरी, म्हणजे हेरोद अंतिपाने नव्याने बांधून काढलेलं सफोरिस, आणि तिथून काना. हा दिवस तुम्ही सावकाश पुरा करू शकाल असं वाटतं. सिप्पोरीत मोझाइकच्या फरश्या बघायला सगळे रेंगाळतात, तेवढ्यात पाय पसरून बसून घ्या.

दुसरा दिवस लांब आणि तसा रुक्ष आहे. खरं सांगते, यातला मधला तुकडा सोडला तर काही बिघडत नाही. हमरस्ता जवळ असतो, गाडी मिळते. सकाळचे दोन तास चाला आणि बसा गाडीत.

तिसऱ्या दिवशी हत्तीनची शिंगं लागतात. दोन टोकांची टेकडी आहे, विझलेल्या ज्वालामुखीची. इथे ४ जुलै ११८७ रोजी सुलतान सलाउद्दिनने क्रूसेडर्सचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचं, सैन्य संपवलं. ते सैन्य आदल्या दिवशी सिप्पोरीच्या झऱ्यांपासून निघालं होतं, म्हणजे तुम्ही ज्या बाजूने येणार त्याच बाजूने. भर उन्हाळा, अंगावर चिलखत, वाटेत पाणी नाही. सरोवर खाली दिसत होतं आणि तिथपर्यंत पोचता येत नव्हतं. आमच्या गाइडने टेकडीवर उभं करून हे सांगितलं आणि मग प्रत्येकाची बाटली हलवून बघितली. माझी रिकामी होती. मला चौथीतल्या मुलीसारखं वाटलं. तुम्ही नोव्हेंबरात जाताय, ऊन कमी असेल, तरी दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी पाठीवर हवंच. पाणी कमी प्यायचं म्हणजे बाथरूमला जावं लागत नाही, हा आपल्या बायकांचा शहाणपणा तिथे चालवू नका. जिथे दुकान, जिथे पेट्रोल पंप दिसेल, तिथे जाऊन यायचं.

चौथा दिवस म्हणजे अर्बेलचा कडा. याबद्दल माझं मत पक्कं आहे: तुम्ही हा कडा उतरू नका. वरून सगळं सरोवर एका नजरेत दिसतं, ते बघा, फोटो काढा, एक स्तोत्र म्हणा. पण खाली उतरणारी वाट उभ्या खडकातून जाते. काही ठिकाणी खडकात लोखंडी कड्या आणि तारा बसवल्या आहेत, त्यांना धरून उलटं तोंड करून उतरावं लागतं. सह्याद्रीत गड चढणाऱ्या पोरांना ती गंमत आहे. झिजलेल्या गुडघ्याला नाही. गाडीने खाली मिग्दलला या, आणि गट दोन तासांनी येईपर्यंत मग्दाला या जुन्या गावाचे अवशेष बघा. २००९ साली इथे पहिल्या शतकातलं सभास्थान सापडलं, कोरीव दगडासकट. शेजारी २०१४ साली उघडलेलं प्रार्थनास्थळ आहे, त्याच्या प्रवेशाच्या दालनात आठ खांब आहेत. सात खांब येशूच्या सोबतच्या बायकांच्या नावाचे, मरिया मग्दालेना त्यात आलीच. आठव्यावर नाव नाही. तो विश्वासाने चाललेल्या सगळ्या काळातल्या बायकांसाठी कोरा ठेवला आहे. कडा उतरून घामाघूम होऊन आलेल्या आमच्या गटाला हे बघायला वेळच उरला नव्हता. मी खांब बघितले ते धावत. तुम्ही त्याला टेकून बसा.

पुढे सरोवराच्या काठाने ताब्घा. तिथून कफर्णहूमपर्यंत फरसबंद पायवाट आहे, सपाट, तीनेक किलोमीटरची. हा तुकडा मात्र पायीच चाला, तुम्हाला हवा तेवढा वेळ घेऊन. उजवीकडे पाणी असतं. आणि कफर्णहूमला पोचलात की घरांचे पाये बघा, सगळा काळा दगड. ज्वालामुखीचा बेसाल्ट, आपल्या दख्खनसारखाच. सभास्थान तेवढं पांढऱ्या चुनखडीचं, नंतरच्या काळातलं, आणि त्याच्या तळाशी पुन्हा तोच काळा दगड. आमच्यातल्या एक बाई भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, “अगं, हा तर आमच्या वाड्याचा दगड.” पेत्राचं घर म्हणून जे दाखवतात त्याच्यावर १९९० साली बांधलेलं चर्च आहे, तळाला काच आहे आणि काचेतून खाली ते घर दिसतं.

एक धोक्याची सूचना. नोव्हेंबरच्या मध्याला तिथे पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. गट उशिरा निघाला आणि दुपारी जेवणात रेंगाळला की शेवटचा तास अंधारात येतो, आणि अंधारात ठेचकाळतो तो मागचा माणूस, म्हणजे तुम्ही. सकाळी सातला निघायचं हे तुमच्या फादरांकडून कबूल करून घ्या. पहिला पाऊसही त्याच सुमारास सुरू होतो. भिजलेली काळी माती बुटाला अशी चिकटते की एकेक पाय किलोभर जड होतो. मार्चमध्ये आम्ही ते भोगलंय. तसा दिवस उगवला तर विचार न करता गाडी. शिवाय लावी हा धार्मिक ज्यूंचा किबुत्झ, म्हणजे सामूहिक वसाहत, आहे. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ असतो आणि त्या वेळात तिथे सामान घेऊन दाखल होता येत नाही. चार दिवसांचा मेळ कसा बसवलाय ते आयोजकांना एकदा विचाराच.

गटाचं म्हणाल, तर सह्याद्रीतल्या ट्रेकर्सचा एक रिवाज तुमच्या फादरांना सुचवा. पुढे एक ‘लीड’, मागे एक ‘टेल’. टेलच्या मागे कुणी राहायचं नाही, आणि टेल कायम त्याच्यापाशी असतो जो सगळ्यात हळू चालतो. ग्रुपवर ते वाक्य लिहिणाऱ्या गृहस्थांनाच टेल करा, ही माझी खट्याळ सूचना. दर थांब्यावर डोकी मोजायची. हसू नका, लूकच्या दुसऱ्या अध्यायात काय झालंय ते आठवा. वल्हांडण या ज्यू सणाच्या यात्रेहून सगळा मेळा घरी परतत होता, बारा वर्षांचा येशू सोबत्यांमध्ये असेल असं समजून मरिया आणि योसेफ अख्खा एक दिवस चालले, आणि मग कळलं की पोरगं यरुशलेमातच राहिलंय. पवित्र कुटुंबाच्या हातून जे झालं ते तुमच्या चोवीसांकडून सहज होईल.

आता काना. या प्रश्नाला तुम्ही पत्रात शेवटी जागा दिलीत, पण मला वाटतं रात्री जागवतो तो हाच.

होय, फ्रान्सिस्कनांच्या त्या चर्चमध्ये जोडपी हातात हात घेऊन वचनं पुन्हा म्हणतात, प्रमाणपत्रही मिळतं. अर्ध्या तासाचा कार्यक्रम असतो. आमच्या गटात एक विधुर होते, ते सुरुवातीलाच उठून बाहेर गेले. मी अविवाहित, मलाही आत काही काम नव्हतं, मीही गेले. रस्त्यावर डाळिंबाचा रस काढून देणारा एक जण होता. आम्ही दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर रस पीत बसलो. ते म्हणाले, “तिला डाळिंब सोलायचा कंटाळा यायचा, मीच सोलून द्यायचो.” दाणे कसे काढायचे, वाटीत पाणी घेऊन कसे, हे त्यांनी मला सविस्तर सांगितलं. मग आतून सगळे बाहेर आले, फोटो झाले, आम्ही निघालो. त्यांनी आत न थांबल्याबद्दल कुणीही काही विचारलं नाही.

तुम्ही आत बसा, बाहेर बसा, किंवा तुमच्या मिस्टरांची रोझरी हातात घेऊन जोडप्यांच्याच रांगेत उभ्या राहा. तिन्ही चालतं. काय करणार ते फादरांना आधी सांगून ठेवा, म्हणजे आयत्या वेळी कुणी प्रेमाने तुमचा हात धरून ओढणार नाही. बायबलमधल्या कानाच्या लग्नात, जिथे येशूही पाहुणा होता, द्राक्षारस संपलाय हे पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं? यजमानांच्या नाही. पाहुणी आलेल्या मरियेच्या. तुमच्या चोवीसांतही अशी एखादी असेलच, तिला शोधून ठेवा आणि त्या दिवशी तिच्याशेजारी चाला.

मुलाचं एक म्हणणं मी खोडून काढणार नाही. गुडघ्यापेक्षा त्याला तिथल्या परिस्थितीची धास्ती असेल, आणि ती अनाठायी नाही. ७ ऑक्टोबर २०२३नंतरच्या युद्धाची झळ गालीललाही बसली. ही वाट आखणाऱ्या माओझ इनोनचे आईवडील त्या दिवशीच्या हल्ल्यात मारले गेले. तो त्यानंतरही सूड नको, शांतता हवी असं सांगत फिरतो आहे. म्हणून निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालय आणि तेल अवीवमधला आपला दूतावास यांच्या सूचना बघा, आणि त्या ‘जाऊ नका’ म्हणत असतील तर गट कितीही उत्साही असो, जाऊ नका. यात्रा रद्द झाली तर किती पैसे, किती दिवसांत परत, हे आयोजकांकडून लेखी घ्या. प्रवास विम्याच्या कागदावर युद्धाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेलं असतं. जुना गुडघाही विमा घेताना जाहीर करा. हे सगळे कागद मुलाला पाठवा. वडिलांच्या वेळी तो लांब होता, आता पुन्हा लांब आहे. त्याला ‘काळजी करू नकोस’ म्हणू नका, रोज रात्री मुक्कामी पोचल्यावर एक फोन करेन असं म्हणा, आणि करा.

तयारीचं थोडक्यात. फिजिओथेरपिस्टकडे जाऊन मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम शिकून घ्या आणि रोज करा. किल्ल्याच्या बाजूला सपाट रस्त्यावर हजारो पावलं टाकून ग्रुपवर आकडे येतील, गुडघा तयार होणार नाही. तुंगारेश्वरच्या कच्च्या रस्त्यावर चढ-उतार करा. विरारला जीवदानीच्या हजारावर पायऱ्या आहेत; तिथे व्यायामाला सगळ्या धर्मांची माणसं येतात, तुम्हीही जा, पण डॉक्टरांना विचारून आणि सुरुवातीला दोनशे पायऱ्यांपुरतंच. काठ्या दोन घ्या, एक नको, आणि त्या विमानात चेक-इनच्या बॅगेत टाका. बूट आत्ताच घेऊन वापरायला लागा. नवे कोरे बूट घालून नासरेथला उतरणाऱ्यांचे फोड मी स्वतः फोडले आहेत.

आता आजचं काम. आधी फादरांना फोन करा. मग ग्रुपवर हे टाका, हवं तर शब्द बदलून:

‘सगळ्यांना नमस्कार. माझ्या उजव्या गुडघ्यात झीज आहे, हे आधीच सांगायला हवं होतं. मी यात्रेला येतेय. दुसऱ्या दिवसाचा अर्धा भाग आणि अर्बेलचा उतार मी गाडीने येईन, बाकी चालेन, पण हळू. आणखी कुणाला गाडीत यायचं असेल तर सांगा, शेजारची जागा मोकळी आहे. आणि परवाच्या मेसेजला दिलेला माझा अंगठा मी काढून घेतेय.’

पाठवलंत की फोन उलटा ठेवा आणि चहा टाका. चोवीसांत गुडघा तुमच्या एकटीचाच दुखत असेल असं मला तरी वाटत नाही. चहा उकळेपर्यंत कुणाचा ना कुणाचा खासगीत मेसेज येईल. कुणाकुणाचा आला, तेवढं मला कळवा.